अर्थास धरून खूण

छापखान्यांत खिळे हातानें जुळवीत असत त्या काळीं लेखकाचें हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वीं संपादकाच्या हाताखालून जात असे. संपादक समासांत खुणा करी. हें प्रकरणाचें नांव, येथें नवा परिच्छेद, हें दुसऱ्याच्या ग्रंथांतील अवतरण, ही तळटीप. त्या खुणा पाहून जुळारी कोणता टाईप कोठें घालावयाचा तें ठरवी. छापून आलेल्या पुस्तकांत या खुणा कोठेंच दिसत नसत. परंतु त्या केल्या नसत्या तर सारें पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टाईपांत, न थांबतां, वाहत गेलें असतें. इंग्रजींत या कामास ‘मार्कअप’ म्हणत. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर आपण जीं पानें रोज वाचतों, तीं ज्या भाषेंत लिहिलेलीं असतात तिच्या नांवांत हाच शब्द आहे. हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, म्हणजेच एच्.टी.एम्.एल्. या भाषेंतील खुणा कशा निवडाव्या, एवढ्याच एका गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या भाषेचे जनक टिम बर्नर्स-ली हे इंग्रज गृहस्थ होत. जिनीव्हा शहरालगतच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत ते काम करीत. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, आणि ज्याचा त्याचा संगणक निराळ्या जातीचा. एकाचा कागद दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल याची शाश्वति नसे. या अडचणीवर उपाय म्हणून बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्चमध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें ठेविली, आणि १९९१ सालीं खुणांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तींत अवघ्या अठराच्या सुमारास खुणा होत्या. कल्पना मात्र त्याहून जुनी. १९६९ सालीं आय्.बी.एम्. कंपनींतील गोल्डफार्ब, मोशर व लोरी या तिघांनीं अशीच एक भाषा रचिली होती; तिच्या नांवांत जी, एम्, एल् हीं तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें आहेत. तिचीच वाढ होऊन १९८६ त जी आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषा ठरली, तिच्यावरून बर्नर्स-ली यांनीं आपल्या खुणांची धाटणी घेतली.

खूण करण्याची रीत सोपी आहे. मजकुराच्या आरंभीं कोनी कंसांत खुणेचें नांव लिहावयाचें, आणि मजकूर संपला कीं तेंच नांव आधीं एक तिरपी रेघ देऊन पुन्हां लिहावयाचें. मधला जो मजकूर तो त्या खुणेच्या अंमलाखालीं आला. ‘पी’ ही खूण परिच्छेदाची. ‘एच् १’ पासून ‘एच् ६’ पर्यंतच्या सहा खुणा मथळ्यांच्या. ‘ए’ ही दुव्याची. आज अशा शंभराहून अधिक खुणा आहेत, आणि त्या सर्वांमागील तत्त्व एकच: मजकूर काय आहे तें खुणेनें सांगावें, तो कसा दिसावा हें ठरविण्याचें काम दुसऱ्याचें.

हें तत्त्व थोडक्याच वर्षांत विसरलें गेलें, आणि त्याचा दोष केवळ आळसावर टाकतां येणार नाहीं. लोकांना पान सुंदर करावयाचें होतें आणि तसें करण्याचें दुसरें साधन हातीं नव्हतें. १९९५ च्या आसपास नेटस्केपच्या ब्राउझरानें अक्षरांचा आकार व रंग बदलणारी ‘फाँट’, मजकूर मध्यावर आणणारी ‘सेंटर’, इतकेंच काय पण अक्षरांची उघडझांप करणारी ‘ब्लिंक’ अशा खुणा प्रचारांत आणल्या. कोष्टकाच्या खुणेचा उपयोग पानाचे स्तंभ पाडण्याकडे होऊं लागला. वास्तविक होकुन व्हियम ली या नॉर्वेजियन तज्ज्ञानें ऑक्टोबर १९९४ मध्यें सर्न येथें असतांनाच वेगळी वाट सुचविली होती. तिचें नांव सी.एस्.एस्. मजकुराचा अर्थ एच्.टी.एम्.एल्. नें सांगावा, आणि रंग, आकार, अंतर, मांडणी हीं सारीं सी.एस्.एस्. कडे सोंपवावीं. या भाषेची पहिली आवृत्ति १९९६ च्या डिसेंबरांत मान्य झाली, आणि पुढच्याच वर्षीं एच्.टी.एम्.एल्. च्या चौथ्या आवृत्तीनें ‘फाँट’ व ‘सेंटर’ या खुणा वापरूं नयेत असें बजावलें. तेव्हांपासून मांडणीसाठीं खुणांची ओढाताण करण्याचें कांहीं कारण उरलेलें नाहीं. तरीही ती चालूच आहे, म्हणून हा पाठ.

कोणी म्हणेल, पान डोळ्यांना नीट दिसत असलें म्हणजे झालें. आंतली खूण कोण पाहतो? याचें उत्तर असें कीं, पान वाचणारे सर्वजण तें डोळ्यांनीं वाचीत नाहींत. शोधयंत्र तें वाचतें, त्याला डोळे नाहींत. आणि स्क्रीन रीडर तें वाचतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारें सॉफ्टवेअर. त्यांपैकीं एन्.व्ही.डी.ए. नांवाचें एक मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं लिहावयास घेतलें. तें विनामूल्य मिळतें आणि मराठींतही वाचतें. आपण डोळस माणसें पान उघडतांच एका दृष्टिक्षेपांत मथळे टिपतों, नको तो भाग सोडतों, हवें तेथें थांबतों. ऐकणाऱ्यापुढें मात्र एका वेळीं एकच शब्द असतो. त्याला एका दृष्टिक्षेपाची सोय कळफलकानें करून दिलेली आहे: ‘एच्’ ही कळ दाबली कीं पुढचा मथळा, ‘टी’ दाबली कीं पुढचें कोष्टक, ‘एल्’ दाबली कीं पुढची यादी, ‘के’ दाबली कीं पुढचा दुवा. १ ते ६ हे आंकडे त्या त्या पायरीच्या मथळ्याकडे नेतात. पण ही सोय सर्वस्वी खुणांवर अवलंबून आहे. तुम्ही साध्या परिच्छेदाचीं अक्षरें ठळक व मोठीं करून मथळा ‘दिसेल’ असें केलें, तर ‘एच्’ दाबणाऱ्यास एवढेंच ऐकूं येईल कीं, पुढें मथळा नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. समजा, शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचें पान तुमच्याकडे आलें आहे. त्यांत पानाचें नांव, अध्यक्षांच्या भाषणाचा सारांश, कार्यक्रम, स्पर्धांचे निकाल, बक्षिसांची यादी, आणि शेवटीं पुढील वर्षाच्या नांवनोंदणीचा अर्ज आहे. पेन्सिल घ्या आणि छापलेल्या कागदावरच आधीं खुणा करा. संगणकापुढें बसण्यापूर्वीं ही संवय लागली म्हणजे पुढचे निम्मे घोटाळे टळतात, असें मला वर्गांत नेहमीं दिसतें.

मथळ्यांपासून आरंभ करावा. पानाचें नांव तें ‘एच् १’. भाषण, कार्यक्रम, निकाल, बक्षिसें, अर्ज हे त्याचे पांच मुख्य भाग. प्रत्येकाचा मथळा ‘एच् २’. निकालांत धांवणें, लांब उडी, कबड्डी असे पोटभाग असतील तर ते ‘एच् ३’. भूमितीच्या पुस्तकांत प्रमेय आणि त्याचें उपप्रमेय यांचा जो संबंध, तोच येथें. ‘एच् १’ चीं अक्षरें फार मोठीं दिसतात म्हणून कित्येक मुलें पहिला मथळाच ‘एच् ४’ करितात. आकार नको असेल तर तो सी.एस्.एस्. नें लहान करा. पायरी बदलूं नका. ज्यास पायऱ्या ऐकूं येतात त्याला पहिलीनंतर एकदम चौथी आली म्हणजे मधलें कांहीं आपल्या हातून सुटलें असेंच वाटणार.

परिच्छेदांविषयीं फार सांगावयास नको. ‘पी’ वापरावा. दोन परिच्छेदांमध्यें अंतर पाडण्यासाठीं ओळ तोडण्याची ‘बी.आर्.’ ही खूण दोनदां टाकणें म्हणजे वहींत दोन ओळी कोऱ्या सोडून नवें प्रकरण सुरू झालें असें मानणें. मग ‘बी.आर्.’ कशासाठीं? जेथें ओळ तुटणें हा मजकुराचाच भाग आहे तेथें. अभंगाचे चरण एका ओळींत लिहिले तर कांहींतरी बिघडतें. पाकिटावरील पत्त्याचेंही तसेंच. पत्त्याची गोष्ट निघाली म्हणून एक इशारा देतों. ‘ॲड्रेस’ नांवाची एक खूण आहे आणि तिच्या नांवावरून कोणीही फसेल. ती कोणत्याही पत्त्यासाठीं नाहीं. त्या पानाशीं किंवा त्या लेखाशीं जबाबदार असलेल्या माणसाशीं संपर्क कसा साधावा, ती माहिती फक्त तिच्यांत घालावी. सहलीच्या वर्णनांत धर्मशाळेचा पत्ता आला तर तो साध्या परिच्छेदांतच शोभतो.

भाषणांत जोर दिलेले शब्द असतात. येथें ‘एम्’ आणि ‘स्ट्राँग’ या दोन खुणांचा भेद समजून घेणें मनोरंजक आहे. “उद्यां गंगाराम पुण्यास जाणार आहे” हें वाक्य घ्या. ‘उद्यां’ वर जोर दिला तर अर्थ निघतो कीं, आज नव्हे. ‘गंगाराम’ वर दिला तर दुसरा कोणी नव्हे. ‘पुण्यास’ वर दिला तर नाशकास नव्हे. शब्द तेच, क्रम तोच, पण जोर हलतांच वाक्य बदललें. असा जोर ‘एम्’ नें दाखवावा. मराठींत हें काम पुष्कळदां ‘च’ हें एक अक्षर करितें, म्हणून आपल्याला ‘एम्’ ची गरज इंग्रजांपेक्षां कमी पडते, असें माझें मत आहे. ‘स्ट्राँग’ चें काम निराळें. तें महत्त्व सांगतें. “फाटक बंद असतांना रूळ ओलांडूं नये” या वाक्यांत एकाद्या शब्दावर जोर नाहीं, सगळें वाक्यच महत्त्वाचें आहे. तेथें ‘स्ट्राँग’. यांखेरीज ‘आय्’ आणि ‘बी’ या दोन जुन्या खुणाही आहेत. आंब्याचें शास्त्रीय नांव मँगिफेरा इंडिका; हें नांव जोर देण्यासाठीं वेगळें छापीत नाहींत, तशी शास्त्रांत रूढि आहे म्हणून छापतात. त्याला ‘आय्’ योग्य. येथें खरें तें सांगितलें पाहिजे: सर्वच स्क्रीन रीडर ‘एम्’ व ‘स्ट्राँग’ आपण होऊन सांगत नाहींत. तेव्हां ज्या सूचनेवर कोणाचा जीव अवलंबून आहे ती केवळ खुणेच्या भरंवशावर न टाकतां शब्दांतच ‘सावधान’ असें लिहावें हें बरें. आणखी एक. ‘एम्’ चा मजकूर ब्राउझर तिरपा दाखवितो, आणि देवनागरी अक्षरें तिरपीं केलेलीं डोळ्यांस खुपतात. शिरोरेघ सरळ आणि अंग कललेलें असें तें ध्यान होतें. उपाय पुन्हां तोच: खूण राहूं द्यावी, आणि सी.एस्.एस्. नें तिरपेपणा काढून तीं ठळक करावीं.

याद्यांच्या खुणा तीन. स्वयंपाकाच्या पुस्तकांतील पुरणपोळीचें पान आठवा. हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे, तूप हें साहित्य कोणत्याही क्रमानें लिहा, पोळी तीच होणार, ही ‘यू.एल्.’. पण डाळ शिजविणें, पाणी निथळणें, गूळ घालून पुरण आटविणें, तें वाटणें, मग भरणें, लाटणें, भाजणें ही कृति उलटसुलट करून चालणार नाहीं, ही ‘ओ.एल्.’. आंकडे दिसावेत कीं न दिसावेत हा प्रश्न नंतरचा; क्रम बदलल्यानें काम बिघडतें कीं नाहीं तें पाहावें. आपल्या पानावरील कार्यक्रम हा ‘ओ.एल्.’ आणि स्वयंसेवकांचीं नांवें ‘यू.एल्.’. या खुणा केल्या असतां ऐकणाऱ्यास आरंभींच कळतें कीं, पुढें सात गोष्टींची यादी आहे. ऐकावी कीं ओलांडून जावें तें तो ठरवितो. आरंभीं नुसती आडवी रेघ किंवा ठिपका टाकून केलेल्या यादीस ही सोय नाहीं. तिसरी ‘डी.एल्.’ ही शब्द आणि त्याचें विवरण अशा जोड्यांची. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. तो आज पडद्यावर मांडावयाचा झाल्यास त्याचा प्रत्येक शब्द ‘डी.टी.’ आणि प्रत्येक अर्थ ‘डी.डी.’ होईल. एका शब्दाचे चार अर्थ असतील तर एका ‘डी.टी.’ खालीं चार ‘डी.डी.’ येण्यास हरकत नाहीं.

आतां निकाल, आणि येथें मी थोडा अधिक वेळ घेणार आहें. बहुतेक ठिकाणीं काय करितात? सूचनाफलकावर लाविलेल्या कागदाचें छायाचित्र काढतात आणि तेंच पान म्हणून चढवितात. डोळसांस तें दिसतें, मग कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. समजा, एका विद्यार्थ्याची आई दृष्टिहीन आहे. मुलाला गणितांत किती गुण मिळाले हें तिला स्वतः वाचावयाचें आहे. तिनें पान उघडलें. तिचा मोबाईल म्हणाला “चित्र”, आणि थांबला. त्या चित्रांत तिच्या मुलाचें नांव आहे, पण तिच्यासाठीं तो कोरा कागद आहे. तिला शेजारणीस बोलवावें लागेल, आणि मुलाचे गुण आईच्या आधीं शेजारणीस कळतील. दुसऱ्या शाळेनें याहून बरें केलें: आंकडे टाईप केले, पण नुसत्या जागा सोडून सोडून. तिनें ऐकलें: “अठ्ठ्याहत्तर, चौसष्ट, एक्क्याऐंशी, पंचावन्न.” यांतलें गणित कोणतें?

कोष्टकाच्या खुणा यासाठीं आहेत. सर्व कोष्टक ‘टेबल’ या खुणेंत. त्याचें नांव ‘कॅप्शन’ मध्यें. प्रत्येक आडवी ओळ ‘टी.आर्.’, आणि घरें दोन जातींचीं. साधें घर ‘टी.डी.’. ज्या घरांत इतर घरांचें शीर्षक आहे तें ‘टी.एच्.’. वरच्या ओळींतील मराठी, इंग्रजी, गणित, शास्त्र हीं ‘टी.एच्.’, आणि तीं आपल्या खालच्या उभ्या स्तंभाचीं आहेत असें ‘स्कोप’ या गुणधर्मानें सांगावें. डावीकडील विद्यार्थ्यांचीं नांवें हींही ‘टी.एच्.’, तीं आडव्या ओळीचीं. इतकें केलें म्हणजे एन्.व्ही.डी.ए. वापरणारा कंट्रोल व आल्ट या कळा दाबून ठेवून बाणांनीं एका घरांतून दुसऱ्या घरांत जाऊं लागतो, आणि प्रत्येक नव्या स्तंभांत शिरतांना त्या स्तंभाचें शीर्षक आधीं ऐकूं येतें: “गणित, एक्क्याऐंशी.” वरची ओळ नुसती ठळक केली आणि ‘टी.डी.’ च ठेविली तर पडद्यावर तिळमात्र फरक दिसणार नाहीं. ऐकणाऱ्यास मात्र पुन्हां नुसता आंकडा.

छायाचित्रें मुळींच घालूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. ‘आय्.एम्.जी.’ या खुणेस ‘आल्ट’ हा गुणधर्म आहे. चित्र न दिसणाऱ्यास त्याच्या जागीं जें सांगावयाचें तें तेथें लिहावें. “चित्र क्र. ३” हें वर्णन नव्हे. “आठवी ब चा संघ ढाल स्वीकारतांना” हें वर्णन. केवळ शोभेची वेलबुट्टी असेल तर ‘आल्ट’ लिहावा पण रिकामा ठेवावा. मग स्क्रीन रीडर तिच्याकडे दुर्लक्ष करितो. तो मुळींच न लिहिला तर पुष्कळदां चित्राच्या फाईलीचें लांबलचक नांव अक्षरें व आंकड्यांसह ऐकावें लागतें.

अवतरणाची ‘ब्लॉककोट’ ही खूण दुसऱ्याच्या शब्दांसाठीं आहे. मजकूर समासापासून आंत सरकतो म्हणून तिचा उपयोग करणें म्हणजे आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडीं घालणें. ‘साईट’ ही ग्रंथाच्या नांवाची खूण, ग्रंथकाराच्या नव्हे. तारखेस ‘टाईम’. हिचा आपल्याकडे विशेष उपयोग होण्याजोगा आहे, कारण आपण तिथि लिहितों. पानावर “भाद्रपद शुद्ध चतुर्थी” असें छापावें आणि खुणेच्या पोटांत २०२५ चा ८ वा महिना, २७ वा दिवस असें यंत्रास कळेल अशा रीतीनें इंग्रजी आंकड्यांत लिहावें. वाचणारा तिथि वाचतो, यंत्र तारीख घेतें.

अर्जाचें प्रकरण निकालाइतकेंच नाजूक आहे. ‘इनपुट’ म्हणजे लिहिण्याची चौकट. तिच्या शेजारीं “पालकांचा दूरध्वनि” असे शब्द नुसते छापले तर डोळ्यांस संबंध कळतो, यंत्रास कळत नाहीं. ते शब्द ‘लेबल’ या खुणेंत घालून त्या चौकटीशीं बांधावे लागतात. बांधले म्हणजे आणखी एक लाभ होतो. त्या शब्दांवर बोट टेकलें तरी चौकट उघडते. ज्यांचा हात कांपतो त्या आजोबांना ही गोष्ट किती उपयोगाची आहे हें मोबाईलवर अर्ज भरतांना पाहावें. पुष्कळ जण ‘लेबल’ न देतां चौकटींतच फिक्या अक्षरांत सूचना लिहून ठेवितात. पहिलें अक्षर लिहितांच ती नाहींशी होते, आणि मध्येंच कोणी हांक मारली तर परत आल्यावर कोणत्या चौकटींत काय लिहीत होतों याचा पत्ता लागत नाहीं.

अर्ज पाठविण्यासाठीं ‘बटन’. दुवा आणि बटन यांत गोंधळ करूं नये: ‘ए’ कोठेंतरी नेतो, ‘बटन’ कांहींतरी करितें. ज्यास हा भेद नको असतो तो ‘डिव्’ या खुणेस रंग देऊन, कोपरे गोल करून, तिला बटनासारखें सजवितो. उंदीर हातीं असलेल्यास तें चालतें. परंतु खऱ्या बटनाबरोबर कांहीं गोष्टी न मागतां मिळतात: टॅब दाबीत गेलें कीं तें सांपडतें, एंटर किंवा मोकळ्या जागेची कळ दाबली कीं तें चालतें, आणि स्क्रीन रीडर त्यास “बटन” म्हणतो. ‘डिव्’ ला यांतलें कांहींच येत नाहीं. तें सर्व हातानें जोडतां येतें हें खरें. ‘ॲरिया’ नांवाचे गुणधर्म त्यासाठींच आहेत. पण घरांत गोडें पाणी असतां विहीर खणावयास कां जावें? ज्यांनीं ते गुणधर्म केले त्यांचाही पहिला नियम हाच आहे कीं, योग्य खूण उपलब्ध असेल तर तीच वापरावी.

‘डिव्’ आणि ‘स्पॅन’ वाईट आहेत असें मात्र समजूं नये. त्यांस अर्थ नाहीं, आणि हाच त्यांचा उपयोग. केवळ मांडणीसाठीं चार गोष्टी एकत्र बांधावयाच्या असतील, आणि त्या बांधणीस स्वतःचें नांव नसेल, तर ‘डिव्’ योग्य. दुसरी खूण शोधून सांपडत नाहीं तेव्हां तिच्याकडे यावें.

पानाच्या मोठ्या विभागांसाठींही खुणा आहेत. पांचवी आवृत्ति २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं मान्य झाली, तींत त्या आल्या. माथ्यास ‘हेडर’, दुव्यांच्या पट्टीस ‘नॅव्ह’, मुख्य मजकुरास ‘मेन’, बाजूच्या मजकुरास ‘असाईड’, तळास ‘फूटर’. या असल्या म्हणजे ऐकणाऱ्यास दर पानावर तेच वीस दुवे पुन्हां पुन्हां न ऐकतां थेट ‘मेन’ वर येतां येतें. ‘आर्टिकल’ व ‘सेक्शन’ यांविषयीं मुलें नेहमीं विचारतात. हें वार्षिकच समोर धरा. यांतला एकादा लेख कातरून दुसऱ्या अंकांत चिकटविला तरी तो पुरा वाटेल, तो ‘आर्टिकल’. त्याच लेखांतील एका मथळ्याखालचा भाग कातरला तर तो अपुरा वाटेल, तो ‘सेक्शन’. कांहीं ठिकाणीं दोन्हीही चालतात, आणि तेथें वाद घालीत बसण्यांत अर्थ नाहीं.

शेवटीं एक गुणधर्म, जो एका क्षणांत लिहून होतो आणि मराठी पानांवर नेहमीं चुकलेला आढळतो: ‘लँग’, म्हणजे पानाची भाषा. तयार नमुन्यांतून पान उचललें म्हणजे तेथें इंग्रजीचें चिन्ह आधींच लिहिलेलें असतें आणि तें तसेंच राहतें. मग मराठी मजकूर वाचावयास इंग्रजी आवाज पुढें येतो, आणि बहुतेक इंग्रजी आवाजांस देवनागरी नीट वाचतां येत नाहीं. हिंदीचें चिन्ह दिलें तर हिंदी आवाज तो वाचील खरा, पण ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतील दंत्य ‘च’ त्यास ठाऊक नाहीं. तो सगळीकडे ‘चहा’ मधलाच ‘च’ उच्चारील. मराठीचें चिन्ह एम् आणि आर् या दोन अक्षरांचें आहे. तें दिल्यानें डोळ्यांचाही फायदा होतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत, आणि कांहीं चांगल्या फाँटांत दोन्ही वळणें असतात. भाषा मराठी आहे असें कळलें तर तो फाँट आपलें वळण काढतो.

एकाच पानांत दोन भाषा असल्या तर? बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, त्याच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी आणि दुसऱ्यांत मराठी असे. असें पान आज पडद्यावर उतरवावयाचें झालें तर पहिला मोह कोष्टकाचा होईल, कारण स्तंभ दोन दिसतात. पण तें कोष्टक नव्हे. त्यांत शीर्षकें नाहींत कीं घरें नाहींत. प्रत्येक मजकूर स्वतंत्र ‘आर्टिकल’ करावा, एकास इंग्रजीचें व दुसऱ्यास मराठीचें ‘लँग’ द्यावें, आणि ते शेजारीं शेजारीं ठेवण्याचें काम सी.एस्.एस्. वर सोडावें. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर ते आपोआप एकाखालीं एक येतील, आणि आवाज इंग्रजी संपतांच मराठी बोलूं लागेल.

अभ्यास. आपल्या घरीं येणाऱ्या दिनदर्शिकेचें एक पान घ्या. त्यांत कोष्टक कोणतें, मथळे किती पायऱ्यांचे, यादी कोठें ‘यू.एल्.’ आणि कोठें ‘ओ.एल्.’, ‘टाईम’ कोठें लागेल, हें पेन्सिलीनें पानावरच लिहा. मग तें संगणकावर उतरवा. उतरवून झाल्यावर उंदीर बाजूस ठेवून केवळ टॅबनें सर्व दुव्यांपर्यंत पोंचतां येतें काय तें पाहा. नंतर डोळे मिटून स्क्रीन रीडरकडून ऐका, आणि संकष्टी कोणत्या वारीं आहे तें सांगा.